साक्षीच्या वेळेला गप्प बसलेली माणसं

७ ऑक्टोबर २०२१ ला कोविडमुळे बंद असलेली राज्यातली प्रार्थनास्थळं दुसऱ्यांदा उघडली. त्यानंतरचा पहिला रविवार १० तारखेचा. ऐरोलीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्या दिवशी एका बाकावर दोनच माणसं बसत होती आणि मधल्या जागेवर खडूने फुल्या मारल्या होत्या. सहा महिन्यांनी एकमेकांचे चेहरे दिसत होते, तेही मास्कच्या वरचे अर्धेच. साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याची, वेळ आली आणि माणसं एकामागून एक उभी राहिली. "आमच्या घरात पाच जणांना झाला, पण प्रभूने एकालाही जाऊ दिलं नाही." "मिस्टरांचा ऑक्सिजन ऐंशीवर आला होता, मंडळीने प्रार्थना केली, आज ते तुमच्यासमोर बसलेत." प्रत्येक साक्षीला आमेन. मीही म्हटलं, मनापासून म्हटलं.

माझ्या पुढच्या बाकावर एक काकू होत्या. त्यांचे मिस्टर मे महिन्यात गेले. त्यांच्यासाठीही आम्ही प्रार्थना केली होती, त्याच मोबाइलवरच्या सभेत, तितक्याच कळकळीने, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. प्रत्येक आमेनबरोबर काकूंची मान थोडी आणखी खाली जात होती. शेवटी त्यांनी पर्समधून रुमाल काढला. डोळ्यांना लावला नाही. मांडीवर पसरला आणि त्याच्या घड्या घालत बसल्या. चार घड्या घालायच्या, उलगडायचा, पुन्हा चार घड्या. उपासना संपेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं.

साक्ष देणाऱ्यांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. ज्याचं माणूस मरणाच्या दारातून परत आलं त्याने देवाचे आभार मानू नयेत असं कोण म्हणेल? पण देवाने तुमच्या घराला राखलं, हे वाक्य ज्या बाकावर जाऊन पडतं तिथे त्याचा दुसरा अर्धा भाग आपोआप ऐकू येतो: मग माझ्या घराला का नाही राखलं? या प्रश्नाला आमच्या उपासनेत जागा नव्हती. आजही नाही. माझं म्हणणं असं आहे की ती जागा करायला हवी, आणि ती केल्याशिवाय संकटातून विश्वास वाढतो असं व्यासपीठावरून शिकवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

संकटातून विश्वास वाढतो यावर माझा विश्वास आहे. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. लहानपणी रविवारच्या शाळेत हे वचन मी तोंडपाठ म्हणून बक्षीस घेतलं होतं. मोठी झाल्यावर कधीतरी लक्षात आलं की तिथे पौल 'आपण' म्हणतो. तो फटके खाल्लेला, तुरुंगात राहिलेला, जहाज फुटून समुद्रात पडलेला माणूस आहे आणि स्वतःबद्दल बोलतो आहे. आपण तेच वचन उचलतो आणि समोरच्याला सांगतो: "तुम्हाला धीर येईल बघा, देव तुम्हाला घडवतो आहे." शब्द तेच, पण बोलणारा बदलला. सोसलेल्या माणसाने म्हटलं तर ती साक्ष असते. न सोसलेल्याने त्याला म्हटलं तर तो सोसणाऱ्याचं तोंड बंद करण्याचा प्रकार होतो, भले हेतू कितीही चांगला असो. याच पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर त्याला प्रभूकडून मिळालं. शेजारच्या बाकावरून मिळालं नव्हतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, साठच्या दशकातली. ठाण्याच्या किती चाळी तिच्या पगारावर उभ्या राहिल्या याची गणतीच नाही. नव्वदच्या दशकात तिथली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली गेटं एकेक करून बंद होत गेली. १९९७ मध्ये बाबांचंही गेट बंद झालं. मी नववीत होते, आम्ही कळव्याला राहत होतो. पहिले तीन महिने बाबा रोज सकाळी सातला डबा घेऊन बाहेर पडायचे. आई डबा भरून द्यायची. दोघांनीही आम्हा भावंडांना काही सांगितलं नव्हतं. एकदा शाळा लवकर सुटली आणि मैत्रिणीबरोबर तलावपाळीला गेले, तर बाबा मासुंद्याच्या कठड्याशी बाकावर बसलेले. डबा उघडा होता. स्वतः खात नव्हते, भाकरीचे तुकडे करून माशांना टाकत होते. मी मागच्या मागे वळले. त्यांनी मला पाहिलं की नाही हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

मंडळीत कळलं तेव्हा माणसं घरी आली. सगळी चांगलीच माणसं होती. कोणी म्हणालं, देव जवळच्या लेकराचीच परीक्षा घेतो. कोणी म्हणालं, सोनं अग्नीतूनच शुद्ध होतं. एकांनी अगदी आपुलकीने सुचवलं की घरात काही कबूल न केलेलं पाप राहिलं आहे का, ते तपासून बघा. बाबा ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे, दारापर्यंत पोचवायला जायचे. मग त्यांनी रविवारी उपासनेला जाणं थांबवलं. दीड वर्ष ते चर्चची पायरी चढले नाहीत.

त्या दीड वर्षात एकच माणूस नेमाने येत राहिला. निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. रविवारी चारच्या सुमारास यायचे, खांद्याची शबनम खुंटीला अडकवायचे आणि खाटेवर बसायचे. शबनममध्ये बायबल असायचं, पण ते त्यांनी आमच्या घरात कधी काढलं नाही. आई बहुतेक रविवारी वालाचं बिरडं करायची. मोड आलेल्या वालांची परात गुरुजी पुढे ओढायचे आणि बाबांबरोबर सोलत बसायचे. वाल सोलणं हे घाईचं काम नाही. एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल सुटते, दाणा परातीत पडतो. अर्धा किलोला तास-दीड तास सहज जातो. त्या तासाभरात कधी दोघं बोलायचे, कधी नाही. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे अर्ज गुरुजींनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहून दिले, दोन-तीनदा कचेरीतही बरोबर गेले. एके दिवशी बाबांनी वाल सोलता सोलता विचारलं, "गुरुजी, माझंच का हो असं?" गुरुजी म्हणाले, "मला नाही माहीत." आणि पुढचा दाणा उचलला.

माझ्या मते बाबांचा विश्वास त्या वाक्याने वाचवला. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असल्याचा आव आणला नव्हता.

१९९८ च्या नाताळाआधीच्या एका रविवारी बाबा आमच्याबरोबर निघाले. साक्षीची वेळ आली तेव्हा उभे राहिले. म्हणाले, "मला काम मिळालेलं नाही. कारखान्याची देणीही मिळालेली नाहीत. मी अजून प्रार्थना करतो." आणि खाली बसले. कोणाला कळेना की यावर आमेन म्हणायचं की नाही. बाबांच्या साक्षीला शेवटच नव्हता! थोड्या वेळाने मागून गुरुजींचा आवाज आला, "आमेन." पुढे बाबांनी घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून पंधरा वर्षं काढली. टर्नरचे हात होते त्यांचे. त्या कामाचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. जाण्याच्या थोडं आधी एकदा मला म्हणाले, "त्या दीड वर्षात देवाशी जितकं खरं बोललो तितकं आधी कधी बोललो नव्हतो." हे म्हणायला त्यांना सतरा वर्षं लागली. तोपर्यंत त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी ते म्हणणं बरोबर नव्हतं.

आपल्या शास्त्रात या खऱ्या बोलण्याला केवढी जागा आहे! बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यातली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवं वळतही नाही, त्याचा शेवट अंधारातच होतो. ज्यांनी हा ग्रंथ जतन केला त्यांना ते काढून टाकता आलं असतं. त्यांनी ठेवलं. प्रभूने वधस्तंभावर उच्चारलेलं 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हेसुद्धा बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. आपण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ते वाचतो आणि वर्षाचे उरलेले रविवार असं कोणी म्हणू नये अशी अपेक्षा करतो. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांच्या हातून घडलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आणि शेवटी देव रागावतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. वाद घालणारा ईयोब योग्य बोलला असा निवाडा तो स्वतः देतो.

दूर कशाला जायचं, आपल्या ठाण्याचंच उदाहरण आहे. एप्रिल १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना ठार मारण्यात आलं. तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती हे, ठाण्याचे हुतात्मे म्हणून कॅथलिक बांधव त्यांची आठवण ठेवतात. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डेनस नावाचा डॉमिनिकन धर्मबंधू त्या वेळी गुजरातच्या बाजूला गेला होता म्हणून वाचला. तो परत आला, सोबत्यांना मूठमाती दिली आणि एकटाच राहिला. दोन-तीन वर्षांनी त्याने ठाण्याहून आपल्या संघातल्या बांधवांना पत्र लिहिलं. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकले. सोबत्यांपासून ज्या घडीला ताटातूट झाली त्या घडीबद्दल तो हळहळतो, कैद, भूक, आजारपण, एकटेपणा सगळं सांगतो आणि मदतीला माणसं पाठवा म्हणतो. विजयाची साक्ष त्यात फार थोडी आहे. १३२९ मध्ये याच माणसाला पोपने कोल्लमचा बिशप नेमलं. सातशे वर्षांपूर्वी ठाण्याच्या खाडीकाठी बसून एक ख्रिस्ती माणूस आपलं दुःख जसंच्या तसं लिहू शकत होता आणि त्याचा विश्वास कच्चा आहे असं कोणी म्हटलं नाही. आज त्याच तलावाच्या, त्याच खाडीच्या काठावरच्या मंडळ्यांमध्ये माणसाला आधी दुःखाचा सुखान्त आणावा लागतो, तेव्हा कुठे उभं राहता येतं.

याची दुसरी बाजू मला अधिक गंभीर वाटते. प्रत्येक संकटाला देवाची परीक्षा म्हटलं की माणसांनी केलेला अन्यायही देवाच्या नावावर जमा होतो. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ बेकायदा बांधलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. त्यात कितीतरी लहान मुलं होती. ईस्टर होऊन चारच दिवस झाले होते. त्या आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनासभेत एकांनी प्रार्थनेत म्हटलं, "प्रभू, यामागची तुझी योजना आम्हाला कळत नाही." मी डोळे उघडले. योजना? ती इमारत परवानगीशिवाय उभी राहिली, निकृष्ट मालाने भराभर मजले चढवले गेले, ज्यांनी थांबवायचं त्यांनी थांबवलं नाही. कळत नाही असं यात काय होतं? असाच एक प्रश्न प्रभूसमोरही आला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. यरुशलेमेत राहणाऱ्या इतरांपेक्षा ते जास्त अपराधी होते का, असं विचारून प्रभू स्वतःच नाही म्हणतो आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून तुम्ही पश्चात्ताप करा म्हणतो. मेलेल्यांचा हिशेब मांडण्यापेक्षा जिवंत माणसांनी आपलं वागणं सुधारावं, असं मी ते वाचते. शिळच्या बाबतीत पश्चात्ताप कोणी करायचा होता हे उघड होतं. आम्ही मात्र डोळे मिटून देवाला त्याची योजना विचारत होतो.

तसंच आजाराचं. मधुमेहाच्या माणसाला 'विश्वास असेल तर गोळ्या कशाला' असं म्हणणारी चंगाईसभा (प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा) आणि उदास पडून राहिलेल्या पोराला डॉक्टरकडे न नेता तीन दिवसांचा उपास धरायला लावणारं घर, दोन्ही मी जवळून पाहिली आहेत. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे. सव्वाशे वर्षांत तिथे जाण्याची लाज आपल्यातून गेलेली नाही आणि ख्रिस्ती घरात त्या लाजेवर विश्वास कमी पडल्याचा आरोप वरून चढतो. प्रार्थना आणि औषध यांत भांडण लावणाऱ्याला मी ठामपणे चूक म्हणेन. लूक स्वतः वैद्य होता.

माझं हे बोलणं मी मंडळीतल्या काही जणांना ऐकवलं तेव्हा एका तरुण पाळकांनी मला अडवलं. त्यांचा मुद्दा मी मनापासून ऐकला आणि तो हलका नाही. ते म्हणाले, "ताई, साक्ष ऐकून माणसं उभी राहतात. घणसोलीतला एखादा मुलगा, नोकरी गेलेली, घराचा हप्ता थकलेला, मरण्याच्या विचारात रविवारी येऊन बसतो. त्याला कोणीतरी सांगायला हवं ना की यातून बाहेर पडता येतं? त्या दिवशी त्याला तुमचं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवू?"

यावर मी बरेच दिवस विचार केला. त्या मुलाला आशा हवी, हे अगदी खरं. पण आठ साक्षी झाल्या आणि आठही जणांना नोकरी लागली, बरं वाटलं, घर झालं, तर त्या मुलाच्या मनात काय येईल? या सगळ्यांची प्रार्थना पोचते, माझी पोचत नाही. त्याच रांगेत एखादा उभा राहिला आणि म्हणाला, माझी नोकरी जाऊन सात महिने झाले, अजून मिळाली नाही, पण मी इथे आहे, तर त्या मुलाला बोलायला निदान एक माणूस मिळेल. उपासना संपल्यावर तो कोणाजवळ जाईल असं तुम्हाला वाटतं? मला वाटतं, या नवव्या माणसाजवळ. पाळकसाहेबांना हे पूर्ण पटलं नाही. निराशा पसरते, असं त्यांना वाटतं. पसरू शकते, मी नाही म्हणत नाही. म्हणूनच नुसती बोलायला जागा देऊन भागत नाही, मागे गुरुजी लागतात.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आपण साक्ष म्हणून नेहमी सांगतो आणि फार घाईने सांगतो. दुष्काळात भुकेने आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला, १८८३ मध्ये बाप्तिस्मा, मग केडगावचं मुक्ती मिशन, संपली गोष्ट. मधली वर्षं आपण गाळतो. बाप्तिस्म्यानंतरही त्या इंग्लंडमधल्या आपल्या धर्मगुरूंशी आणि धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत होत्या, पटत नाही ते पटत नाही म्हणत होत्या. ख्रिस्त आपल्याला खरा उमगला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. भूक म्हणजे काय हे ज्या बाईला ठाऊक होतं तिने भुकेल्या मुलींना आधी जेवण आणि छप्पर दिलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तेव्हाही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांच्या हातात होतं. या बाईचा विश्वास संकटांनी वाढला असं जरूर म्हणावं, पण मग तिने वाद घातला तोही तिच्या विश्वासाचाच भाग होता, हेही सांगावं.

मागच्या महिन्यात मी आमच्या कार्यकारिणीला लेखी सूचना दिली आहे. महिन्यातून एका रविवारी साक्षीची वेळ ज्यांची प्रार्थना अजून ऐकली गेली नाही त्यांच्यासाठी ठेवावी आणि त्या दिवशी एक विलापस्तोत्र पुरतं वाचावं, मधली कडवी न गाळता. त्यावर उपदेश नको. मयताच्या किंवा मोठ्या आजाराच्या घरी भेटीला जाणाऱ्यांनी पहिले सात दिवस कारणं सांगू नयेत. आणि मंडळीत ज्यांना कागदपत्रं कळतात त्यांची यादी करावी: फंडाचा दावा, विम्याचा दावा, महात्मा फुले आरोग्य योजनेसाठी कुठली कागदपत्रं लागतात ते. खारघरला कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाहून आलेली आपलीच माणसं दुसऱ्याच्या खोलीत महिनोन् महिने राहतात, त्यांना डबा पोचवण्याची पाळी लावावी. यातलं डब्याचं आणि यादीचं सगळ्यांनी लगेच मान्य केलं. साक्षीच्या रविवारावर अजून चर्चा चालू आहे. "लोक रडायला लागले तर?" असं एका ज्येष्ठांनी विचारलं. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, एवढंच मी म्हटलं. विषय पुढच्या सभेवर गेला आहे.

सूचना देण्याआधी मी त्या रुमालवाल्या काकूंकडे गेले होते. त्या अजून दर रविवारी येतात, त्याच बाकावर बसतात. आपला विश्वास वाढला असं त्या म्हणत नाहीत, कमी झाला असंही नाही, आणि मी विचारतही नाही. मी कागद वाचून दाखवला आणि असा रविवार ठरला तर तुम्ही काही बोलाल का, असं विचारलं. त्यांनी कागद हातात घेतला, पुन्हा एकदा स्वतः वाचला.

"बघू," म्हणाल्या. "आधी दुसऱ्या कोणालातरी बोलू दे."